फळबागेसाठी घेतलेली जमीन : पंडिता रमाबाई, दुष्काळ आणि केडगाव

१८९७ साल. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातलेले, मध्य प्रांतात दुष्काळ पडलेला. पुण्यातल्या ‘शारदा सदन’ या विधवांच्या शाळेच्या दारात दुष्काळी मुलुखातून आणलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली येऊन उभ्या राहत होत्या. शहरात प्लेगचे निर्बंध कडक होत चाललेले. नव्या माणसांची गर्दी एका आवारात ठेवण्यास अधिकाऱ्यांची परवानगी नाही. संस्थेच्या चालक पंडिता रमाबाईंपुढे प्रश्न एकच होता : या मुलींना न्यायचे कोठे?

उत्तर केडगावात होते. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या गावी सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. मात्र ती दुष्काळग्रस्तांसाठी घेतलेली नव्हती. तेथे फळझाडे लावावीत, त्यांच्या उत्पन्नावर शारदा सदन स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा तो सावध आर्थिक बेत होता. झाडांना बहर येण्याआधीच तेथे तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या.

रमाबाईंचे चरित्र बहुधा दोन साच्यांत सांगितले जाते : धर्मांतराची कथा किंवा समाजसुधारणेची कथा. आजचा धागा या दोहोंच्या मधल्या प्रश्नाचा आहे. ज्या स्त्रीचे बेत नियतीने एकामागून एक उधळले, तिने आयुष्याचे ध्येय कसे ठरवले आणि ख्रिस्ती श्रद्धेने त्या ध्येयाचे नेमके काय केले?

प्रथम अनिश्चिततेचे स्वरूप. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून स्वजनांचा रोष पत्करला आणि रानात आश्रम थाटला. पुढे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. १८७० च्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण अल्पावधीत गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, हजारो मैल पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्री काढल्याची आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. ही आठवण लक्षात ठेवावी; १८९६ मध्ये तिचा संबंध पुन्हा येतो.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाआधीच आईवडील, भावंडे आणि पती यांपैकी कोणी उरले नव्हते.

ध्येय येथे ठरले, आणि ते बाप्तिस्म्याच्या आधी ठरले. कालक्रमाचा हा तपशील भक्तिपर चरित्रांत हटकून पुसट होतो. १८८२ मध्ये पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्री धर्मनीति’ लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री शिक्षिका, स्त्री निरीक्षक व स्त्री डॉक्टर यांची मागणी केली. विधवेला आसरा मिळावा आणि त्याबरोबरच स्वतःचे पोट भरण्याची विद्या मिळावी, हा विचार तेव्हाच पक्का होत होता. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या त्या वैद्यकीय शिक्षणासाठी. प्रवासखर्चाला ‘स्त्री धर्मनीति’च्या विक्रीचे पैसे उपयोगी पडले. ऐकू कमी येत असल्याने वैद्यकाचा बेतही मोडला.

मग श्रद्धेने काय दिले? लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले एक गृह त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तेथे ममतेने वागवले जात होते. असे का वागता, या त्यांच्या प्रश्नावर त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली : समाजाने दूर लोटलेल्या बाईशी येशू विहिरीपाशी बोलतो ती. नेहेम्या गोरे या चित्पावन ख्रिस्ती पंडिताच्या लेखनाचाही प्रभाव त्यांच्यावर होताच. पण निर्णायक ठरले ते फुलहॅमचे दृश्य. शास्त्रचर्चेत वाढलेल्या या विदुषीला एका सिद्धांताने नव्हे, तर एका चालत्या घराने हलवले, असे त्यांच्याच आत्मकथनावरून दिसते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला.

तो निर्णय शांत वातावरणात झाला, असे मात्र मानू नये. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्यापूर्वीच इंग्लंडमध्ये आत्महत्या केली होती. परका देश, पदरी अडीच वर्षांची मुलगी, मायदेशी टीकेचा भडिमार. त्यातही रमाबाईंनी नव्या धर्माच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवली नाही. त्रैक्यासारख्या सिद्धांतावर त्या वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. चेल्टनहॅमला तरुण पुरुषांना शिकवण्यास चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली, तेव्हा तीही त्यांना मान्य झाली नाही. मिशनला आज्ञाधारक कार्यकर्ती हवी होती. तिला मिळाली ती अनंतशास्त्र्यांची लेक.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. काही महिन्यांचा मुक्काम अडीच वर्षांचा झाला. १८८७ च्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकाने त्यांचे ध्येय अमेरिकेपुढे मांडले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. अट अशी की शाळेत धर्मप्रसार होऊ नये. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले; पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळावर होते. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनींपैकी एक.

रमाबाईंच्या आयुष्यात प्रथमच सारे जुळून आले होते : पैसा, इमारत, प्रतिष्ठित पाठीराखे. १८९३ मध्ये ते विस्कटले.

सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी रमाबाईंच्या खोलीचे दार उघडे असे. मुली येऊन बसत. हे आमंत्रण की केवळ मोकळीक? ‘केसरी’चा हल्ला आधीपासून सुरू होताच, आता सल्लागारांनीही राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की सक्ती करणार नाही, पण येणाऱ्या मुलीला अडवण्यासाठी दारही लावणार नाही. दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा तर म्हणावे लागते की सुधारकांची भीती निराधार नव्हती. हिंदू घरातील विधवा शाळेत पाठवणे हेच तेव्हा मोठे धाडस होते. धर्मांतराचा नुसता संशयही ते दार कायमचे बंद करू शकत होता. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी निराळ्या संस्थेची उभारणी सुरू केली, तिच्यामागे हा अनुभवही होता. पुण्यातील स्त्रीशिक्षणाला एका भांडणातून दुसरी संस्था मिळाली, ही इतिहासाची अशी जमाखर्चाची नोंद आहे की जी कोणत्याही एका पक्षाच्या वहीत नीट बसत नाही.

आता पुन्हा १८९६. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या वार्ता आल्या, तेव्हा रमाबाईंचे कर्तव्य कागदोपत्री स्पष्ट होते : शारदा सदन सांभाळणे. बॉस्टनच्या वचनाची दहा वर्षे संपत आली होती. पुढच्या पैशाची हमी नव्हती, फळबाग अजून फळत नव्हती. व्यवहार सांगत होता, हात आवरावा. पण दुष्काळात अनाथ झालेल्या मुलीचे काय होते, हे त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. त्या स्वतः तिकडे गेल्या. निवारा छावण्यांच्या आसपास मुलींना फसवून नेणारे दलाल त्यांनी पाहिले, आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रिया आणल्या.

याच काळात त्यांच्या श्रद्धेचा पोतही बदललेला दिसतो. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त मात्र नंतर, १८९१ च्या सुमारास उमगला, असे त्यांनी लिहिले आहे. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांची चरित्रे त्यांनी वाचली होती. म्यूलर यांनी ब्रिस्टलमध्ये अनाथालये चालवली ती कोणाकडे वर्गणी न मागता, प्रार्थनेच्या भरवशावर. ‘मुक्ती’ हे नाव घेतलेली केडगावची वसाहत त्याच रीतीने सुरू झाली. आधी निधी, मग काम, हा क्रम उलटला. याला भोळेपणा म्हणणे सोपे आहे. परंतु ज्यांच्याकडे निधीची वाट पाहण्याइतका वेळ नाही, अशा मुली दारात असताना दुसरा क्रम उपलब्ध होता का?

शिवाय भरवशाबरोबर हिशेबही होता. शेती, गोठा, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, धुलाई, छपाई : वसाहतीत शिकवले जाणारे प्रत्येक काम पोट भरणारे होते. १८९७ च्याच वसंतात प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या हालांविषयी आणि तेथे नेलेल्या आपल्या एका मुलीच्या बेपत्ता होण्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिले. ख्रिस्ती झालेली ही बाई सरकारची मिंधी आहे, या समजाला त्या पत्राने चांगलाच तडा दिला. शासनाने आरोप फेटाळले. प्रकरण विलायतेच्या संसदेपर्यंत पोहोचले.

१८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या. जुन्या असोसिएशनच्या जागी नवी संघटना आली. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि तेथूनही मुली आल्या. वसाहतीची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते, तेथे जातीचे सोवळे-ओवळे पाळण्याची मुभा होती. मुक्तीत कोणत्याही जातीची भुकेली मुलगी आली. फुलहॅमची आठवण ‘कृपा सदन’ झाली, अंधांसाठी ‘बार्तिमी सदन’ उभे राहिले. १८८२ मधले ध्येय मोडले नाही. त्याची कुंपणे मोडली. हा विस्तार कोणत्याही आराखड्यात नव्हता. प्रत्येक संकटाने दारात माणसे आणून उभी केली आणि ध्येय तेवढे रुंद होत गेले.

याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. शारदा सदनातील तटस्थता मुक्तीत उरली नाही. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. ज्या मुलीचा जीव एका संस्थेने वाचवला, तिने त्या संस्थेचा धर्म स्वीकारला, तर ती निवड कितपत मोकळी? १८९३ मध्ये उघड्या दाराचा युक्तिवाद तरी करता येत होता. १९०५ च्या धार्मिक जागृतीत शेकडो मुली एकत्र रडत प्रार्थना करत होत्या, तेव्हा तो युक्तिवाद अपुरा पडतो. रमाबाईंना मात्र हा प्रश्न या रूपात दिसत नव्हता. ज्या आधारावर आपण तरलो, तोच मुलींना देत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती.

अखेरचे ध्येय त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर घेतले : मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील बाईला कळत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. संस्कृतच्या बळावर ‘सरस्वती’ झालेल्या स्त्रीने संस्कृतचा पाश सोडवायला घ्यावा, यात गंमत आहे आणि निर्धारही. त्यासाठी त्या नव्याने दोन भाषा शिकल्या. काम दीड दशकाहून अधिक चालले.

संस्थेचा वारसा मनोरमाबाईंकडे जायचा, हे ठरलेले होते. त्या शिकल्या, आईच्या बरोबरीने राबल्या. जुलै १९२१ मध्ये त्या वारल्या. रमाबाईंचा आणखी एक बेत असा कोसळला, तेव्हा त्या स्वतः थकलेल्या आणि आजारी होत्या. उरलेले महिने त्यांनी भाषांतराच्या मुद्रितांवर घालवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

ते बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून निघाले. छपाई झाली ती मुक्तीच्या स्वतःच्या छापखान्यात, फळबागेसाठी घेतलेल्या त्याच जमिनीवर. आणि तेथे खिळे जुळवण्याचे काम वसाहतीत शिकून तयार झालेल्या स्त्रिया करत होत्या.