कुटुंबप्रमुखाचे नाव

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात संशोधन प्रकल्प करावा लागतो. विषय ठरतो, मार्गदर्शक ठरतात आणि मग अनुसूची तयार होते. चार-पाच पानं, तीस-चाळीस प्रश्न. पहिल्या ओळीवर बहुतेक वेळा एकच मजकूर असतो, 'कुटुंबप्रमुखाचे नाव'. त्याखाली वय, जात, शिक्षण, जमीन, उत्पन्न, कर्ज, आजार. हे कागद घेऊन विद्यार्थी वस्त्यांवर जातात, विडी कामगारांच्या घरी जातात आणि उसाचा हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यात श्रीपूर-महाळुंगच्या बाजूला फडावरही पोचतात. विषयाच्या शेवटी 'विशेष संदर्भ : श्रीपूर' असं लिहिलं की आराखडा झाला, अशी अनेकांची समजूत असते.

या रकान्यांविषयी मला मनापासून आदर आहे. त्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना कुणीतरी, कधीतरी, अडलेल्या कामासाठी आखला होता. काम विसरलं गेलं आणि रकाना तेवढा उरला. संशोधनाचा आराखडा करायला शिकायचं असेल तर हे रकाने कुठून आले, कुणाला विचारून भरले गेले आणि कोण विचारायचं राहिलं, हे आधी पाहावं लागतं.

कर्जाचा रकाना घेऊ. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. दंगे अहमदनगरकडे पसरले. सरकारने आयोग नेमला आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज किती, ते कशापायी झालं, खतावर काय लिहिलंय आणि हातात प्रत्यक्ष किती पडलं, याची गावोगाव चौकशी झाली. त्यातून 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला. तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला. सोलापूरच्या शेतकऱ्याच्या कर्जाचा आकडा असा कोर्टात निकाल फिरवण्यासाठी लागला होता.

दंग्यांच्या तीन वर्षं आधीच पुण्याच्या सार्वजनिक सभेने हेच काम लोकांच्या बाजूने सुरू केलं होतं. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने 1870 मध्ये स्थापन झालेल्या या सभेने 1872 मध्ये शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करायला उपसमिती नेमली, 1873 मध्ये तिचा अहवाल आला. 1876 ते 78 च्या दुष्काळात, ज्यात सोलापूर जिल्हा होरपळून निघाला, सभेने ठिकठिकाणच्या माणसांकडून हकिकती मागवल्या आणि त्या सरकारपुढे ठेवल्या. 1877 च्या आरंभी दुष्काळी कामांवरचं वेतन कमी केलं गेलं, मजूर कामं सोडून निघाले, तेव्हा सभेपाशी सांगायला वस्तुस्थिती होती. न्यायमूर्ती रानड्यांचा या सगळ्यामागे मोठा हात होता. तरी ज्यांनी हकिकती लिहून पाठवल्या ते लिहिता येणारे लोक होते. खडी फोडणारी बाई या कागदांत आहे, पण तिच्याविषयी दुसरा कुणी सांगतो. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला निवेदन दिलं ते मात्र स्वतः शाळा चालवलेल्या माणसाचं होतं. कामातून आलेलं ज्ञान पुरावा म्हणून मांडायचं, ही समाजकार्याच्या संशोधनाची आपल्याकडची एक फार जुनी पायरी आहे आणि ती आपण वर्गात पुरेशी शिकवत नाही.

जमिनीच्या रकान्यामागे हॅरल्ड मॅन उभा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा हा प्राचार्य पिंपळे सौदागर या गावी गेला आणि त्याने एकेका घराची जमीन, तिचे तुकडे, पीक, खर्च आणि देणं मोजलं. 1917 मध्ये पुस्तक निघालं. 1771 मध्ये त्या गावात सरासरी धारण 40 एकर होती, ती 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आली होती. ऐंशी टक्क्यांहून अधिक धारणा अशा होत्या की सगळं अनुकूल झालं तरी त्या मालकाचं पोट भरू शकत नव्हत्या. पुढे 1921 मध्ये ना. वि. कानिटकरांबरोबर त्याने जातेगाव बुद्रुकचा अभ्यास छापला, हे कोरडवाहू गाव. पाण्याजवळचं एक आणि पावसावरचं एक अशी दोन गावं समोरासमोर ठेवणं, हा आराखड्याचाच भाग होता. 'का निवडलं' याचं उत्तर तयार असलेली निवड म्हणजे नमुना. आज प्रकल्पात 'सोयीस्कर नमुना' लिहून पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्याने मॅनची ही दोन गावं जरूर वाचावीत.

उत्पन्न-खर्चाचा तक्ता गिरण्यांतून आला. मुंबई सरकारने 1921 मध्ये कामगार कार्यालय सुरू केलं. महागाई वाढली, संप होऊ लागले, आणि मजुरी किती पुरते हे कुणालाच आकड्यांत सांगता येईना. मुंबईतल्या कामगारांच्या घरखर्चाचा अहवाल 1923 मध्ये आला; सोलापूरच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांचा 1928 मध्ये. तेल, मीठ, ज्वारी, भाडं, व्याज, सगळं त्यात आहे. कुटुंबं लहान-मोठी असतात म्हणून तुलनेसाठी माणसांचं 'एकक' करण्याची रीत त्या काळच्या चौकशांत होती. प्रौढ पुरुष एक धरायचा आणि प्रौढ बाई 0.83. अन्नाच्या गरजेचा तो हिशोब होता, त्यात दुष्टपणा नव्हता. पण बाई पुरुषाच्या अपूर्णांकात मोजली की तिचं वेगळं काही विचारायचं राहतं.

ते विचारणारी एक व्यक्ती त्याच वेळी मुंबईत होती. डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरला सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. प्रसूतीच्या अगदी जवळपर्यंत काम करणाऱ्या आणि कामावर जाताना बाळाला अफू चारून निजवणाऱ्या आया त्यांना दिसल्या. त्यांचं लेखन 1922 मध्ये 'लेबर गॅझेट'मध्ये छापलं गेलं. पुढे 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली आणि 1929 मध्ये कायदा झाला. घरखर्चाच्या तक्त्यातून हा कायदा निघाला नसता. त्यासाठी एका बाईने दुसऱ्या बाईला तिच्या शरीराविषयी विचारावं लागलं. आराखड्यात 'कुणाला विचारायचं' आणि 'कुणी विचारायचं' हे दोन निर्णय किती निर्णायक असतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

इथवर समाजकार्य हा शिकवायचा विषय नव्हता. क्लिफर्ड मॅनशार्ड नावाच्या अमेरिकी मिशनऱ्याने 1926 मध्ये मुंबईच्या नागपाड्यात वस्तीकेंद्र उघडलं आणि दहा वर्षांनी, 1936 मध्ये, तिथेच सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं. तो शिकागोचा. वस्तीत राहून वस्तीचे नकाशे आणि मजुरीचे तक्ते करण्याची परंपरा तिथल्या 'हल हाउस' या वस्तीकेंद्रात 1890 च्या दशकापासून होती. 1944 मध्ये विद्यालयाचं नाव टाटा समाजविज्ञान संस्था झालं. वस्तीकेंद्र, दवाखाना आणि वर्ग एकाच छताखाली असताना प्रश्न जिन्यावरून वर येत असत. नंतर अभ्यासक्रम राज्यभर पसरला; पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था 1963 मध्ये आली, सोलापूरला वालचंद महाविद्यालयात हा विषय आला, तुळजापूरला टाटा संस्थेचं ग्रामीण केंद्र उभं राहिलं. पॉलिन यंग यांचं सामाजिक सर्वेक्षणावरचं पाठ्यपुस्तक सगळीकडे लागलं. पद्धत पोचली. प्रश्न मात्र प्रत्येक गावाने आपापला शोधायचा होता, आणि तिथे आपण कमी पडलो असं मला वाटतं.

साखरेच्या बाबतीत तर हा धागा आपल्या अंगणातलाच आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि तिच्या कारखान्याभोवती श्रीपूर वसलं. त्याच दशकात पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ वाई तालुक्यात शेतीच्या धंद्याचा हिशोब मांडत होते. ते पुस्तक 1940 चं. पुढे हेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष झाले. शेतकऱ्याला काय परवडतं हे मोजणारा माणूस ते परवडावं म्हणून कारखाना चालवायला बसला. संशोधन आणि व्यवहार यांचं इतकं जवळचं नातं आपल्याकडे फार थोड्यांनी जगून दाखवलं. गाडगीळांचा सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. इरावती कर्व्यांनी नीरेच्या पाण्यावर वाढणारं फलटण अभ्यासलं आणि जाई निंबकरांबरोबर कोयना धरणाने उठवलेल्या लोकांचा शोध घेतला. ऊस उत्पादक, बाजारपेठ, विस्थापित, सारे कागदावर आले. ऊस तोडणारा मात्र हंगामापुरता येतो आणि पाऊस येण्याआधी जातो, म्हणून तो ना इथल्या गावच्या सर्वेक्षणात सापडला ना त्याच्या गावच्या.

आजाराचा रकाना सगळ्यात उशिरा गंभीरपणे भरला गेला, आणि तोही गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ होत्या. दवाखान्याच्या रजिस्टरवरून हे कधीच कळलं नसतं, कारण या स्त्रिया दवाखान्यात आल्याच नव्हत्या. जे आले त्यांना मोजणं आणि जे आलेच नाहीत त्यांच्या दारात जाणं, हे दोन वेगळे आराखडे आहेत. बंगांनी दुसरा निवडला, आणि तपासणीबरोबर उपचारही ठेवला.

आता उसाच्या फडाकडे येऊ. इथे मजुराची गणती 'कोयता' या हिशोबाने होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मजूर आणणारा मुकादम देतो ती कोयत्याला. नाव नवऱ्याचं. बायको तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते, पहाटे आणि रात्री चूलही पेटवते. पैशाच्या वहीत तिची ओळ नाही. आजारी पडून एक दिवस बसली तर खाडा लागतो आणि तो जोडीच्या हिशोबातून कापला जातो. अशा ठिकाणी विद्यार्थी 'कुटुंबप्रमुखाचे नाव' विचारून सुरुवात करतो तेव्हा त्याची अनुसूची मुकादमाच्या वहीचीच नक्कल होते, त्याच्या नकळत.

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 स्त्रियांची माहिती घेतली गेली, त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. महिला किसान अधिकार मंचानेही हजारावर ऊसतोड स्त्रियांशी बोलून त्यांच्या जगण्याचा आणि कामाचा अहवाल तयार केला. त्याआधीच्या कित्येक वर्षांत फडावर जे प्रकल्प झाले असतील त्यांच्या प्रश्नपत्रकांत कुटुंबाचं उत्पन्न होतं, मुलांची शाळा होती, घराचा प्रकार होता. या एका प्रश्नासाठी जागा नव्हती, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

म्हणून श्रीपूरला जाणाऱ्या विद्यार्थ्याने आराखडा उलट्या टोकाकडून बांधावा. 'ऊसतोड महिलांचे आरोग्य' हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. 'खाड्याच्या भीतीने आजारी बाई दवाखान्यात किती दिवस उशिरा जाते' हा प्रश्न झाला, कारण त्याचं उत्तर मिळालं तर कुणीतरी काहीतरी बदलू शकतं. त्यासाठी एकक कुटुंब धरून चालणार नाही, बाई धरावी लागेल. नमुना टोळ्यांचा घ्यावा आणि निवडलेल्या टोळीतल्या सगळ्या स्त्रियांशी बोलावं. बैलगाडीची टोळी आणि ट्रॅक्टरची टोळी यांचे दिवस वेगळे असतात, तेव्हा दोन्ही हव्यात. विचारणारी बाई असावी. मुकादम शेजारी उभा असताना मिळालेलं उत्तर वेगळं नोंदवावं किंवा घेऊच नये. गाडी भरायच्या वेळी कुणालाही थांबवू नये. संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना थोडं बोलता येतं, उरलेलं पावसाळ्यात तिच्या गावी जाऊन. प्रश्न आधी चार-पाच जणींबरोबर करून पाहावेत, म्हणजे कुठला प्रश्न ऐकून त्या गप्प होतात ते कळतं.

आणि एखादी म्हणाली की मला आत्ता, या घटकेला रक्त जातंय, तर? समाजशास्त्राचा विद्यार्थी ते लिहून घेईल. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी बोलून ठेवलेलं असलं पाहिजे, न्यायला गाडी कुठली हे ठरलेलं असलं पाहिजे. हे 'नीतिमूल्ये' या प्रकरणात शेवटी लिहायचं नसतं. पहिल्या मुलाखतीच्या आधी ही व्यवस्था झालेली नसेल तर मुलाखत पुढे ढकलावी.

राहिला अहवाल. प्रबंध उन्हाळ्यात विद्यापीठात जमा होतो, आणि पुढच्या हंगामाची उचल साधारण पावसाळ्यात वाटली जाते. मधले दोनेक महिने मोलाचे आहेत. या काळात दोन पानांचं साधं मराठी टिपण कारखान्यांच्या शेतकी विभागाकडे, नगरपंचायतीकडे आणि मजुरांच्या मूळ गावांत पोचलं पाहिजे. ते तिथे वाचून दाखवावं आणि स्त्रियांनी सांगितलेल्या दुरुस्त्या त्यात कराव्यात. पुढच्या करारात बाईचं नाव वेगळ्या ओळीत लिहा आणि आजारपणाचा खाडा कापू नका, अशी मागणी कुणी करणार असेल तर तिला लागणारे आकडे मुकादमाशी बोलणी सुरू होण्याआधी तिच्या हातात असायला हवेत.