उत्तनची मराठी आणि कोर्लईची पोर्तुगीज

'ल' म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच टेकवा आणि आवाज न काढता तिच्या कडेने नुसती हवा सोडा. जो फुसकारा ऐकू येतो तो वेल्श भाषेतला एक नेहमीचा ध्वनी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेतही तो आहे. वर्गात हा प्रयोग करायला हरकत नाही, मुले हसतील एवढेच.

दोन्ही भाषांत आणखी एक गंमत आहे. शब्द बदलतो तो डोक्याकडून. वेल्शमध्ये मांजराला 'काथ' म्हणतात, पण 'त्याचे मांजर' म्हणताना त्याचे 'गाथ' होते आणि 'तिचे मांजर' म्हणताना 'खाथ'. झुलूत एक माणूस 'उमुन्तु' आणि अनेक माणसे 'अबन्तु'. आपल्याकडे घर, घरे, घरात असे शेपूट बदलते. मग वेल्श आणि झुलू एकमेकींच्या नात्यातल्या आहेत का? मुळीच नाहीत. एक केल्टिक शाखेतली, दुसरी बांटू कुळातली. वटवाघळाला पंख आहेत आणि फुलपाखरालाही आहेत, त्यातलाच हा प्रकार. योगायोग.

भाषांमधल्या साम्याची याखेरीज आणखी दोन कारणे असतात, जन्म आणि शेजार. ही दोन्ही एका जागी पाहायची तर फार लांब जावे लागत नाही. आम्ही राहतो त्या भाईंदरहून पश्चिमेला समुद्राच्या दिशेने गेले की उत्तन लागते. तिथल्या ख्रिस्ती कोळ्यांची बोली मराठीच आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 साली निघालेल्या सातव्या खंडात कोळी, आगरी यांच्याबरोबर 'किरिस्ताव' बोलीचीही नोंद आहे. (हा समाज स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवतो. हे नाव 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, घेतले गेले. पूर्वेशी त्याचा संबंध नाही.)

1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यात साष्टी बेटही होते. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षे, इथे पोर्तुगिजांचा अंमल होता. त्याची खूण केवळ चर्चमध्ये आणि आडनावांत राहिली असे समजू नये. चावी, पाव, बटाटा, पगार, लिलाव, बिजागरी, पिंप, घमेले, मेस्त्री हे सगळे शब्द पोर्तुगीजमधून आले आणि चर्चची पायरीही न चढलेल्या घरांत रुळले. किरिस्ताव बोलीत असे शब्द अधिक, विशेषतः नात्यांचे आणि धर्मविधींचे. पण वाक्याचा सांगाडा मराठी, क्रियापदांचे प्रत्यय मराठी, आकडे मराठी.

आता रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईला चला. रेवदंड्यासमोर, कुंडलिकेच्या मुखाशी, पोर्तुगिजांनी बांधलेल्या किल्ल्याच्या पायथ्याला हे गाव आहे. राज्य तेच, धर्म तोच, काळही जवळपास तोच. इथला पोर्तुगीज अंमल 1740 मध्ये संपला. मात्र इथल्या ख्रिस्ती वस्तीची घरची भाषा पोर्तुगीजपासून झालेली आहे. म्हणजे उत्तनच्या अगदी उलट. शब्द बहुतांशी पोर्तुगीज आणि वाक्याची ठेवण मराठी! पोर्तुगीज माणूस 'मी खातो भात' या क्रमाने बोलतो, कोर्लईकर 'मी भात खातो' या क्रमाने. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन वर्ग आहेत. कोर्लईच्या भाषेने त्यांत चौथा घातला, उकारान्त क्रियापदांचा, आणि मराठीतून घेतलेली क्रियापदे त्यात बसवली. पाहुण्यांसाठी स्वतंत्र खोली काढावी तसे हे झाले. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी अभ्यासकाने 1996 मध्ये या भाषेवर आख्खे पुस्तक लिहिले आहे.

एकाच राज्यात दोन गावांचे असे दोन मार्ग का झाले? आमचा विषय भाषाशास्त्र नव्हे, पण उत्तर आम्हाला पटते ते असे. साष्टीत गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. कोळी कोळीच राहिले, होडी, बाजार, सोयरीक सगळे मराठीतच चालू राहिले. पाद्री मूठभर होते, त्यांची भाषा अख्ख्या गावाला व्यापू शकली नाही. कोर्लईची वस्ती मात्र लहान आणि किल्ल्याच्या आधाराने जगणारी, त्यात शिपाई, नोकर-गुलाम आणि त्यांची कुटुंबे. अधिकारी निघून गेले तेव्हा हे लोक मागे राहिले. शेजाऱ्यांशी व्यवहार मराठीत होई, पण धर्म आणि जात आड आल्याने सोयरीक होत नसे. घरात जुनी भाषा टिकली ती या दुराव्यामुळे. दुरावा भाषा राखतो, ही गोष्ट आम्हाला अजूनही थोडी अस्वस्थ करते.

जन्माचे साम्य राहिले. पोर्तुगीजमध्ये सातला 'सेत' म्हणतात. हा शब्दही 'चावी'सारखा आपल्याकडे आलेला वाटेल. पण लॅटिनमध्ये तो 'सेप्टेम' होता आणि संस्कृतात 'सप्त'. प्राकृतात 'सत्त' होऊन आपला 'सात' झाला. दोन्हीकडचा 'प' स्वतंत्रपणे गळला. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला, त्याच्या शेकडो वर्षे आधी आपण 'सात' म्हणत होतो. म्हणजे मराठी आणि पोर्तुगीज या दूरच्या बहिणी, आणि पुढे शेजारणी झाल्या. आजचे उच्चार शेजारी ठेवून नाते ठरत नाही, जुनी रूपे शोधावी लागतात.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. किनाऱ्यावरच्या शाळांत मुलांच्या वहीत बोलीतला शब्द आला की लाल रेघ ओढली जाते. ती ओढण्यापूर्वी तो शब्द फळ्यावर लिहून जन्माचा, शेजारचा की योगायोगाचा, असे मुलांनाच विचारून पाहावे. अशा नोंदींना किंमत येते. सेबॅस्तियांव रोदोल्फो दालगादो या गोमंतकीय पाद्र्याने 1906 मध्ये मुंबई आणि आसपासच्या मुलखातल्या पोर्तुगीज बोलीचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे त्या वेळेपर्यंत, ज्या टापूत सर्वत्र मराठी होती असे आपण समजतो, तिथेही काही घरांत कोर्लईसारखी भाषा होती. मुंबईतल्या त्या घरांत आज ती कोणी बोलत नाही.