विटेनबर्गचे विद्यापीठ आणि खेड्यांतल्या मंडळ्या

श्रोतेहो, एखादे विद्यापीठ मोठे आहे हे कशावरून ठरवावे? इमारतीवरून, तिथल्या पंडितांच्या नावांवरून, की परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येवरून? माझे स्वतःचे एक साधे माप आहे. त्या विद्यापीठाची पायरी जो जन्मात चढणार नाही, अशा खेड्यातल्या माणसाच्या पदरात तिथली विद्या किती पडली, ते पाहावे. खेड्यात शाळा चालवणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींना हे माप चटकन पटेल. ट्रेनिंग कॉलेजात ऐकलेली व्याख्याने एकीकडे आणि एकाच खोलीत चार इयत्ता घेऊन बसलेला मास्तर दुसरीकडे. या दोहोंमधले अंतर किती असते, ते त्यांना ठाऊक आहे.

या अंतराचीच एक जुनी हकीकत आज सांगणार आहे. ती जर्मनीतली, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीची. ख्रिस्ती धर्मातल्या ल्यूथर पंथाची जी धर्मविद्यालये पुढे जगभर निघाली, त्यांचे मूळ जिथे आहे त्या विटेनबर्ग गावची ही गोष्ट.

एल्ब नदीच्या काठी विटेनबर्ग नावाचे लहानसे गाव होते. वस्ती दोन हजारांच्या आसपास. सॅक्सनीचा अधिपती फ्रेडरिक याने १५०२ साली तिथे विद्यापीठ काढले. १५१२ साली मार्टिन ल्यूथर हा मठवासी तरुण तिथे बायबल शिकवू लागला. १५१७ मध्ये पापमुक्तीची पत्रे विकण्याच्या प्रथेविरुद्ध त्याने आपली ९५ विधाने मांडली. पुढच्याच वर्षी फिलिप मेलांक्थन हा एकवीस वर्षांचा पंडित ग्रीक शिकवायला आला. रोमच्या पोपशी झालेला झगडा आपण शाळेच्या इतिहासात वाचतोच. तो मी पुन्हा सांगत नाही. झगड्यानंतर काय झाले, ते मला सांगायचे आहे. कारण भांडण करणे एक वेळ सोपे, पण भांडून मिळवलेले घरोघर पोचवणे कठीण!

ख्रिस्ती लोकांत एका देवळाभोवती जमणाऱ्या भाविकांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात आणि तिच्या धर्मगुरूला ‘पाळक’. त्या काळच्या जर्मन खेड्यात देवळाची घंटा वाजवणारा सेवकच पुष्कळदा मुलांचा मास्तर असे. पूर्वी उपासना लॅटिन भाषेत चाले. पाळकाला ठरलेले मंत्र म्हणता आले की काम भागे. आता ल्यूथरने सांगितले, की उपासना लोकांच्या भाषेत झाली पाहिजे आणि पाळकाने शास्त्र वाचून त्याचा अर्थ समजावला पाहिजे. विचार चांगला, पण त्या पाळकाला कोण शिकवणार?

विटेनबर्गहून पुस्तके निघू लागली. सप्टेंबर १५२२ मध्ये ल्यूथरने केलेले नव्या कराराचे जर्मन भाषांतर छापले गेले. सुमारे तीन हजार प्रती काढल्या होत्या. त्या इतक्या झपाट्याने खपल्या, की डिसेंबरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. १५२४ साली लोकांच्या भाषेतल्या गीतांची पुस्तके आली. त्याच वर्षी ल्यूथरने शहरोशहरीच्या कारभाऱ्यांना उद्देशून एक लेख लिहिला: शाळा काढा, मुलींनाही शिकवा, चांगली ग्रंथालये बांधा. गरीब आईबाप म्हणतील, पोरं शाळेत गेली तर घरचं काम कोण करणार? त्यावर त्याचे उत्तर असे, की मुलाने दिवसातून एक-दोन तास शाळेत बसावे, मुलीने एक तास, आणि बाकीचा वेळ घरी काम करावे, कसब शिकावे. ही अडचण आपल्या गावांनाही परकी नाही, नाही का?

विद्यापीठातल्या लोकांना वाटले, विद्येचा पाट वाहू लागला. पण पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचले की नाही, हे कोणी पाहिले नव्हते. मधल्या काळात, १५२४-२५ साली, जर्मनीत शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले. ते निर्दयपणे मोडण्यात आले, हजारो शेतकरी मारले गेले, आणि ल्यूथरने बंडवाल्यांविरुद्ध अतिशय कठोर शब्द लिहिले. विटेनबर्ग आणि खेडी यांच्यात त्यामुळे जे अंतर पडले, ते झाकून ही गोष्ट सांगता येणार नाही.

१५२७ साली सॅक्सनीच्या दरबाराने गावोगावच्या मंडळ्यांची तपासणी करण्याचे ठरवले. आपल्याकडे पूर्वी शाळा तपासायला दिपोटी येत, तसाच काहीसा प्रकार. तपासनिसांत सरकारी माणसे होती, तसेच विद्यापीठातले पंडितही होते. त्यांच्यासाठी मेलांक्थनने एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. ते १५२८ मध्ये छापले. त्याच सालच्या शरद ऋतूत ल्यूथर स्वतः तपासणीवर निघाला.

काय दिसले? विटेनबर्गच्या आसपासच्या खेड्यांत लोकांना प्रभूची प्रार्थना येत नव्हती, दहा आज्ञा येत नव्हत्या. पुष्कळ पाळकांना शिकवण्याची पात्रताच नव्हती. विद्यापीठात दहा-अकरा वर्षे मोठमोठे वाद गाजले होते, युरोपभर त्यांचा बोलबाला झाला होता. आणि जवळच्याच गावात त्यातले अक्षरही पोचले नव्हते! ल्यूथरने ही नामुष्की लपवली नाही. आपल्या पुढच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच त्याने ती लिहून टाकली, आणि दोष विशेषतः वरच्या धर्माधिकाऱ्यांच्या पदरात घातला.

माझ्या मते या विद्यापीठाचे खरे मोठेपण इथून सुरू होते. गावकऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी आपल्या कामाची पद्धतच बदलली.

जानेवारी १५२९ मध्ये भिंतीवर टांगायचे छापील तक्ते निघाले. दहा आज्ञा, विश्वासाचा अंगीकार, प्रभूची प्रार्थना, आणि प्रत्येकाचा अर्थ थोडक्या शब्दांत. पाठोपाठ त्याच मजकुराची लहान पुस्तिका झाली. तिची रचना प्रश्नोत्तरांची: मुलाने अर्थ विचारायचा आणि मोठ्याने सांगायचा. ही पुस्तिका पंडितांसाठी नव्हती. घरातल्या कर्त्या माणसाने मुलांना आणि गड्यांना शिकवावी म्हणून होती. शिकवणाऱ्यांनी अधिक खोलात जावे म्हणून त्याच वर्षी एक मोठी प्रश्नोत्तरी वेगळी काढली. शिवाय ज्या पाळकाला स्वतः प्रवचन रचता येत नाही, त्याच्यासाठी वर्षभराच्या रविवारांची तयार प्रवचने छापलेली होतीच. ती त्याने उघडून वाचावी.

छोट्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत शिकवणाऱ्यांना एक सल्ला आहे. तो आपल्या शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ल्यूथर सांगतो, की एकदा जी शब्दरचना निवडाल तीच वर्षानुवर्षे ठेवा. आज एक पाठ, पुढच्या साली दुसरा, असे केले तर साधी माणसे गोंधळतात. आधी शब्द पाठ होऊ द्या, मग अर्थ सांगा, आणि मग सवडीने विस्तार करा. हा माणूस वर्गात उभा राहिलेला होता, हे यावरून कळते.

पुस्तकांबरोबर माणसांचीही व्यवस्था झाली. १५३५ पासून नव्या पाळकांची परीक्षा घेऊन त्यांना दीक्षा देण्याचे काम विटेनबर्गच्या धर्मशास्त्र विभागाकडे आले. १५३७ पासूनची दीक्षितांची नोंदवही आजही उपलब्ध आहे. सुरुवातीच्या वर्षांत तिच्यात पदवीधरांबरोबर हातावर पोट असलेले कारागीरही दिसतात, आणि देवळाचे सेवकही. शिकलेली माणसे पुरेशी नव्हती. तेव्हा ज्याला वाचता येते, समजते आणि ज्याचे वर्तन चांगले आहे, अशाला तपासून खेड्यात पाठवले. दूरच्या गावांचे पाळक आणि कारभारी अडचणींची पत्रे लिहीत, आणि विद्यापीठातले पंडित त्यांना उत्तरे पाठवीत. योहान्नेस बूगेनहागेन हा विटेनबर्गच्या गावदेवळाचा पाळक आणि विद्यापीठातला अध्यापक. तो तर स्वतः गावे फिरला. ब्राउनश्वाइग, हांबुर्ग, ल्यूबेक अशा शहरांसाठी त्याने मंडळीच्या कारभाराचे नियम लिहिले. त्यांत शाळा होत्या, मुलींच्या शाळाही होत्या, आणि गरिबांसाठी सामाईक पेटीची तरतूद होती.

बाहेरून शिकायला आलेले विद्यार्थी काय घेऊन परतले, त्याचे एकच उदाहरण देतो. फिनलंडचा मिकाएल अग्रिकोला १५३६ ते १५३९ या काळात विटेनबर्गला शिकला. त्या वेळी फिन्निश भाषेत छापलेले पुस्तक नव्हते. मायदेशी परतल्यावर त्याने १५४३ साली प्रथम काय छापले असेल? मुळाक्षरांचे पुस्तक! नवा करार त्यानंतर, १५४८ मध्ये. आधी अक्षरओळख, मग शास्त्र. विद्यापीठाने दिलेली विद्या खेड्यात कोणत्या क्रमाने न्यायची, हे त्याला नीट उमगले होते.

आता तुम्ही विचाराल, एवढे सगळे केल्यावर खेडी शहाणी झाली का? प्रामाणिकपणे सांगायचे तर एकदम नाही. पुढच्या पिढ्यांतल्या तपासणीच्या कागदांत तक्रारी पुन्हा सापडतात. मुले उत्तरे घडाघडा म्हणतात, पण अर्थ विचारला की गप्प! ल्यूथरचे हे शिक्षण साधले की फसले, याबद्दल इतिहासकारांत अजून वाद आहे. मला वाटते, त्या कागदांतून एवढे तरी निश्चित कळते, की तपासणी चालू राहिली. विचारणारे कोणी तरी पुन्हा पुन्हा गावात गेले.

या परंपरेची एक फांदी आपल्या देशात आली आणि मराठी माणसापर्यंतही पोचली. त्यासाठी विटेनबर्गजवळच्या हाले या शहरात जाऊ. तिथे १६९४ साली नवे विद्यापीठ निघाले. आउगुस्ट हेर्मान फ्रांके हा तिथला अध्यापक, आणि शेजारच्या गरीब वस्तीचा पाळकही. १६९५ मध्ये त्याच्या दानपेटीत चार टालर आणि सोळा ग्रोशन एवढी रक्कम निघाली. तेवढ्यावर त्याने गरीब मुलांची शाळा सुरू केली. पुढे अनाथाश्रम, छापखाना, पुस्तकांचे दुकान, औषधशाळा असा मोठा पसारा वाढला. धर्मशास्त्राचे गरीब विद्यार्थी त्या शाळांत शिकवीत आणि बदल्यात जेवण मिळवीत. १७१० पासून तिथे स्वस्त बायबले छापली जाऊ लागली. पुढे १८१७ साली विटेनबर्गचे विद्यापीठ हालेच्या विद्यापीठातच विलीन झाले.

या हालेला शिकलेला बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग ९ जुलै १७०६ रोजी तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरला. तिथे तेव्हा डेन्मार्कची वखार होती. तो लहान मुलांबरोबर बसून वाळूत तमिळ अक्षरे गिरवायला शिकला. हालेमध्ये तमिळ खिळे ओतून घेतले, छापखाना आला, आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून झाला. भारतीय भाषेत छापलेला हा पहिला नवा करार. १७१६ मध्ये स्थानिक शिक्षकांसाठी विद्यालय निघाले, आणि १७३३ साली आरोन या तमिळ माणसाला पाळकाची दीक्षा मिळाली.

त्याच मालिकेतला ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्त्झ १७५० साली आला आणि शेवटी तंजावरला राहिला. तंजावर म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे घराणे. बालपणी दत्तक आलेले सरफोजीराजे या श्वार्त्झच्या देखरेखीखाली वाढले. राजांनी आपला धर्म सोडला नाही, आणि गुरूविषयीचा आदरही सोडला नाही. श्वार्त्झचे संगमरवरी स्मारक त्यांनी घडवून घेतले. १८०५ च्या सुमारास त्यांनी तंजावरला देवनागरी छापखाना घातला. इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक त्याच छापखान्यातले. राजांनी शाळाही काढल्या, आणि सरस्वती महालातला ग्रंथसंग्रह तर सर्वश्रुत आहे. हे सारे जर्मनीतून आले असे मी म्हणत नाही. विद्येची आवड राजांची आणि त्यांच्या घराण्याची होतीच. पण शाळा, ग्रंथालय आणि छापखाना ही तिन्ही एकत्र चालली, तर विद्या दूरवर जाते, हे त्यांनी आपल्या गुरुजनांत पाहिले असेल.

चेन्नईत आजही ल्यूथर पंथाचे एक धर्मविद्यालय आहे. त्याचे नाव आपल्या ओळखीचे आहे: ‘गुरुकुल’. तिथून शिकून गेलेला पाळक जेव्हा एखाद्या गावच्या मंडळीपुढे उभा राहतो, तेव्हा १५२८ सालचा तोच प्रश्न त्याच्यापुढेही उभा असतो: मी जे शिकलो, ते यांच्यापर्यंत कसे पोचवू?

शिक्षकबंधुभगिनींनो, हा प्रश्न काही एका धर्माचा नाही. उद्या वर्गात गेलात, की घडाघडा पाठ म्हणणाऱ्या एखाद्या मुलाला मध्येच थांबवा आणि त्याला विचारा, ‘बाळ, याचा अर्थ काय रे?’ आणि तो गप्प राहिला, तर त्याच्यावर रागावू नका. विटेनबर्गच्या पंडितांनी घरी परतून जे केले, तेच आपणही करू या. त्याला समजेल असा एक तक्ता नव्याने लिहू या.