बुरशी लागलेली जुनी आरव्ही : घ्यावी की सोडावी?

चाकांवर फिरणारे घर ही कल्पना अमेरिकेत जितकी रुजली, तितकी अन्यत्र क्वचितच रुजली असेल. तेथे 'रिक्रिएशनल व्हेईकल' या लांबलचक नावाऐवजी सर्रास आरव्ही असेच म्हटले जाते. स्वतःचे इंजिन असलेले मोटरहोम आणि दुसऱ्या गाडीमागे ओढून न्यावयाचा ट्रेलर हे तिचे दोन मुख्य प्रकार. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट काउंटी हे या उद्योगाचे माहेरघर. नव्या आरव्हीची किंमत ऐकून अनेक निवृत्त दाम्पत्ये आणि तरुण कुटुंबे जुन्या आरव्हीकडे वळतात. मग एखादी निम्म्या किमतीत मिळते खरी, पण दार उघडताच कुबट वास येतो आणि कपाटाच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात. 'पुसले की जाईल,' असे विकणारा सांगतो.

श्रावणात चपलांवर आणि चामडी पट्ट्यांवर चढलेली बुरशी पुसण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हे पटूनही जाईल. परंतु आरव्हीच्या बाबतीत पहिला प्रश्न बुरशीचा नसून पाण्याचा असतो. ते कोठून आले, किती काळ येत राहिले आणि त्याने आतले लाकूड किती खाल्ले, या तीन गोष्टी कळल्याखेरीज किमतीचा विचार करण्यात अर्थ नाही.

बहुतेक आरव्हींच्या भिंती म्हणजे लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट, मध्ये फोम किंवा काचतंतूची गादी आणि आतून पातळ प्लायवूड. बाहेरून अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबरग्लासचा पत्रा. छपरावर बहुधा रबरासारखा पडदा असतो. या पडद्याला झरोके, वातानुकूलन यंत्र, न्हाणीवरचे काचझाकण आणि मागची शिडी यांसाठी जागोजागी छेद दिलेले असतात आणि प्रत्येक छेदाभोवती सीलंट भरलेले असते. ऊन आणि रस्त्यावरचे हादरे यांनी ते तडकते. म्हणूनच छपराचे सांधे वर्षातून निदान दोनदा तपासावेत असे सांगितले जाते. जो मालक हे करीत नाही, त्याच्या आरव्हीत पाणी शिरते आणि भिंतीच्या आतून वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी डाग उमटवते. डाग जेथे दिसतो तेथे गळती असेलच असे नाही.

पाहणी दिवसाउजेडी आणि शक्य तर पाऊस पडून गेल्यावर करावी. बाहेरून भिंतीकडे तिरप्या नजरेने पाहिल्यास फुगवटे किंवा लाटा दिसतात. फायबरग्लास आतल्या प्लायवूडपासून सुटल्याची ही खूण असून ती दुरुस्त करणे अतिशय खर्चिक असते. आत गादी उचलावी, वरच्या कपाटांचे कोपरे बोटाने दाबावेत, दाराजवळची आणि शौचालयाभोवतीची जमीन पायाने चाचपावी. चालकाच्या डोक्यावर झोपण्याची जागा असलेल्या मोटरहोममध्ये तिचा पुढचा भाग हमखास गळतो. बाहेर सरकणाऱ्या खोलीचे कोपरेही तसेच. ओल मोजणारे लहान यंत्र सोबत असावे. त्यावर लाकडातील ओल २० टक्क्यांच्या वर दिसली, तर बुरशी आणि कूज यांना अनुकूल स्थिती आहे असे समजावे. नुकताच दिलेला रंग, एकाच भिंतीवरचा नवा चिकटकागद आणि सुगंधी फवाऱ्याचा दर्प यांकडे संशयानेच पाहिलेले बरे.

सगळीच बुरशी गळतीची नसते. प्रोपेन जळताना पाण्याची वाफ निर्माण होते, एक किलो वायूमागे सुमारे १.६ किलो पाणी. बंद आरव्हीत थंडीत स्वयंपाक केला, तर ते खिडक्यांवर आणि गादीखाली साचते. तेथील वरवरची बुरशी साबणाच्या पाण्याने निघते आणि हवा खेळती ठेवली की सहसा परतत नाही. अशी आरव्ही नाकारण्याचे कारण नाही.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार, सुमारे १० चौरस फुटांपेक्षा कमी जागेवरची बुरशी घरमालक बहुतांशी स्वतः साफ करू शकतो. ओल मात्र २४ ते ४८ तासांत सुकवावी लागते आणि गादी, गालिचा यांसारख्या सच्छिद्र वस्तू बहुधा टाकून द्याव्या लागतात. बुरशी काळी आहे की हिरवी, यावरून धोका ठरत नाही. मेलेली बुरशीही अ‍ॅलर्जी उद्भवू शकते. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल आणि आरव्हीतच राहावयाचे असेल, तर लाकडात मुरलेल्या बुरशीशी तडजोड करू नये.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात. महापुरात बुडालेल्या वाहनाच्या मालकीपत्रावर तशी नोंद होऊ शकते, पण ती दुसऱ्या राज्यात गेल्यावर पुसली जाण्याचे प्रकार घडले आहेत. वाहनाच्या १७ अंकाक्षरी क्रमांकावरून राष्ट्रीय नोंदणी पाहता येते. विम्याचा दावाच झाला नसेल, तर तीही मूक राहते. चिठ्ठ्याचपाट्यांवर भिस्त ठेवणे किती फोल ठरते, हे कतरिना वादळाने दाखवले. २००५ मधील त्या आपत्तीनंतर विस्थापितांना दिलेल्या ट्रेलर आणि फिरत्या घरांपैकी ५१९ घरांच्या तपासणीत फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण सरासरी ७७ पीपीबी आढळल्याचे २००८ मध्ये जाहीर झाले. 'निवासासाठी वापरू नये' अशा सूचनेसह हे ट्रेलर पुढे विकले गेले. तरीही २०१० मधील मेक्सिकोच्या आखातातील तेलगळतीनंतर सफाई कामगार त्यांतच राहत असल्याचे आढळले.

एखादाच कोपरा भिजलेला, गळतीचे ठिकाण सापडलेले, जमीन टणक आणि इंजिन किंवा सांगाडा भक्कम असेल, तर सौदा करावा. मात्र त्यातून दुरुस्तीचा लेखी अंदाज वजा करावा, आणि कपाटे उकलल्यावर आत आणखी कूज निघतेच हे गृहीत धरून काही रक्कम वेगळी राखावी. दोन किंवा अधिक भिंती फुगलेल्या असतील, तर ती आरव्ही फक्त सुतारकाम जाणणाऱ्या आणि आडोशाची कोरडी जागा असलेल्या माणसाने घ्यावी, तीही सांगाड्याच्या भावाने. 'आहे तशी' या अटीवर विक्री झाल्यास नंतर दाद मागणे अवघड जाते. दीर्घकाळ झिरपलेल्या पाण्याचे नुकसान विमा पॉलिसीतून सहसा वगळलेले असते. त्यामुळे इसार देण्यापूर्वीच स्वतंत्र निरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी. विकणारा त्यास नकार देत असेल, तर तेथूनच परतावे.