देवाच्या नावचे रान

सह्याद्रीत पुष्कळ डोंगर बोडके झाले आहेत. तरीही एखाद्या ग्रामदेवतेच्या देवळाभोवती जुने, दाट रान अजून उभे दिसते. कुठे ते अर्ध्या एकराचे असते, कुठे पाच-पंचवीस एकरांचे. घाटावर त्याला देवराई म्हणतात, दक्षिण कोकणात देवरहाटी. हे रान टिकले कसे, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : देवाच्या भीतीने. गेली वीसेक वर्षे मी देवराया पाहत, गुरवांशी आणि मानकऱ्यांशी बोलत आलो आहे. सातबारा वाचायला तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसून शिकलो. वनस्पतिशास्त्राची वा इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. पण जे पाहिले त्यावरून हे उत्तर मला अपुरे वाटते. भीती होतीच, परंतु तिच्या जोडीला गावाने चालवलेली एक व्यवस्था होती.

लेखी नोंदी फार जुन्या नाहीत. १८६४ मध्ये हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झालेल्या डिट्रिच ब्रँडिस यांनी १८९७ मध्ये देशभरच्या पवित्र वनांविषयी लिहिले. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून देवींची ठाणी पाहत. त्यांच्या १९६२ सालच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात देवीच्या रानांचाही विचार आहे. पुढे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचा महत्त्वाचा निबंध १९७६ सालचा, आणि १९८१ च्या सूचीत त्यांनी महाराष्ट्रातील दोनशेहून अधिक देवराया नोंदवल्या.

गाडगीळांनी सांगितलेली श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची हकीकत मला फार बोलकी वाटते. तिथली देवराई तोडीसाठी खुणावली गेली, तेव्हा गावकऱ्यांनीच वर्तकांकडे मदत मागितली. गावाला पाणी देणारा ओढा त्या रानातून येत होता. देवीचा कोप होईल ही श्रद्धा त्यांची होतीच. त्याचबरोबर रान गेले तर पाणी जाईल, हा हिशेबही त्यांना पक्का ठाऊक होता. देवराई वाचली.

देवराईला कोणी कधी हातच लावला नाही, असेही नाही. वाळलेले लाकूड उत्सवाच्या स्वयंपाकाला घ्यावे पण घरी नेऊ नये, अशी रीत अनेक गावांत आहे. देवळाला तुळई हवी असली तर गावकरी बसतात, देवाला कौल लावतात, मगच झाड दिले जाते. मावळातील अजिवलीच्या देवराईत भेरली माडाची माडी काढण्याची वहिवाट आहे. म्हणजे काय घ्यायचे, किती घ्यायचे आणि कोणाला विचारून घ्यायचे, हे ठरलेले असे. रान देवाच्या नावचे असल्यामुळे ते कोणा एकाला विकता येत नसे.

कागद मात्र वेगळे बोलतात. इंग्रजी अमलातील जमीनमोजणी आणि १८७८ चा वन कायदा यांनंतर काही देवराया राखीव जंगलात गेल्या, काही महसूल खात्याकडे, काही देवस्थानाच्या वा खासगी नावावर राहिल्या. सिंधुदुर्गात मी असे उतारे पाहिले आहेत की मालक म्हणून सरकारचे नाव, आणि ‘देवरहाटी’ हा शब्द इतर हक्कांच्या रकान्यात. राखायचे गावाने, पण हातात कागद नाही.

आज घाला येतो तो बहुधा भक्तीच्या वाटेने. मुंबईचे चाकरमानी वर्गणी काढतात, जीर्णोद्धार ठरतो. कौलारू देऊळ जाऊन स्लॅब येतो, सभामंडप वाढतो, गाडीरस्ता देवळापर्यंत हवा होतो. पैसे कमी पडले की नजर मोठ्या झाडांवर जाते. झाडे राखली तरी ‘साफसफाई’त खालची रोपे कापली जातात. मग वर म्हातारी झाडे आणि खाली नुसती माती, असे रान उरते. त्याला पुढची पिढी नसते.

त्याचे नुकसान एका गावापुरते राहत नाही. धनेशाला घरट्यासाठी जुन्या झाडातली मोठी ढोली लागते. तो एका राईत फळे खातो आणि बी दुसरीकडे टाकतो. लहान-लहान राया अशा एकमेकींना धरून असतात. मधली एक गेली की पुढच्या दोन्ही एकट्या पडतात.

कायद्याचा आधार आता आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याखाली दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील रानजायफळाच्या पाणथळ देवराईला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांच्या प्रकरणात अशा वनांना संरक्षण देण्याचा मार्ग दाखवला. तरीही केवळ फलक लावून भागणार नाही. निर्णय गावाच्या हातून सुटला, तर राखणही सुटेल.

देवराई पाहायला जरूर जावे, पण गुरवाला किंवा गावकऱ्यांना विचारून, चार-पाच जणांनी, सावकाश. चपला बाहेर ठेवाव्यात, गारंबीची शेंगसुद्धा उचलू नये. देणगी द्यायची झाल्यास कौले बदलण्यासाठी द्यावी.

आणि ज्यांच्या गावी देवराई आहे त्यांनी या दिवाळीला घरी गेल्यावर एक काम करावे. ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत देवराईची हद्द, तिच्या रिती आणि झाड द्यायचे की नाही हे कोण ठरवते, एवढे तीन मुद्दे लिहिले आहेत का, ते पाहावे. नसतील तर गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ग्रामसभेत मांडावेत. त्या रिती सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.