सांडव्याची कुळकथा

नाशकात गोदाघाटावर ‘सांडव्यावरची देवी’ म्हणून जे देवालय प्रसिद्ध आहे, त्याच्या नावाचा अर्थ दर्शनाला आलेल्या तरुण मंडळींना विचारला तर ती बुचकळ्यात पडतात; कारण सांडवा म्हटला की हल्ली धरण आठवते, आणि त्या घाटावर धरण तर नाही. परंतु नदीच्या पात्रात आडवी घातलेली, उघडिपीत जिच्यावरून पायी पैलतीर गाठावा आणि पुरात जिच्यावरून पाणी खुशाल ओसंडून जावे, अशी ठेंगणी दगडी भिंत हाच तिथे सांडव्याचा अर्थ आहे. आणि माझ्या समजुतीप्रमाणे या कुळाचा मूळपुरुष तोच.

शब्द निघाला ‘सांडणे’ या क्रियापदापासून, आणि ते प्राकृतातल्या ‘छड्ड’शी नाते सांगते. ज्ञानदेवांच्या मराठीत सांडणे म्हणजे जाणूनबुजून टाकणे, त्याग करणे. तिथे माणूस अहंकार सांडतो, संग सांडतो. पुढे या क्रियापदाला उतरती कळा लागली. दूध सांडू लागले, तांदूळ सांडू लागले, आणि सांडपाणी तर थेट गटारात गेले. एकट्या सांडव्याने जुना अर्थ जपला, कारण त्यावरून जाणारे पाणी चुकून जात नाही. कुठून आणि किती जावे, हे बांधणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. धरण्यासाठी धरण आणि सांडण्यासाठी सांडवा ही जोडी ज्यांच्या तोंडी प्रथम रुळली, त्यांना पाण्याचा स्वभाव पुरता ठाऊक असला पाहिजे.

पांझरा आणि मोसम या नद्यांवरचे फड पद्धतीचे जुने बंधारे पाहिले, तर त्यांना वेगळा सांडवा नाहीच. सबंध भिंतच सांडवा. पूर आला की तो माथ्यावरून जातो आणि ओसरला की भिंत होती तिथेच असते. भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांची तऱ्हा मात्र निराळी. तिथली पाळ मातीची, आणि मातीच्या माथ्यावरून पाण्याला वाट देणे म्हणजे घरच्या माणसानेच चोराला दार उघडणे. म्हणून पाळीच्या एका अंगाला, टणक जमीन पाहून, जादा पाण्याची निराळी सोय केलेली असते. तिकडे तिला सलंग म्हणतात, आणि शेताला पाणी सोडण्याच्या मोरीला तुडुम. मालगुजाराच्या अमलात या दोहोंची मरामत ही गावाची वहिवाट होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि वहिवाटीच्या जागी दरखास्त आली.

इंग्रजी अमदानीत सांडव्याला गणित लाभले. पाणलोटाचे क्षेत्र अमुक चौरस मैल असता पूर किती यावा, याचे सी. सी. इंग्लिस यांनी मुंबई इलाख्यातल्या नद्यांवरून बसवलेले सूत्र आपल्याकडचे अभियंते अद्यापि वापरतात. त्याआधी, १९०३ साली, विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडमीट होणारी दारे बसवून भिंत न वाढवता साठा वाढवला होता. पण ही श्रीमंत घरची गोष्ट झाली. लहान गावाच्या ओढ्यावरच्या धरणाला दार नाही आणि दारवान नाही. त्याचा सांडवा म्हणजे डोंगराच्या कुशीत मुरूम कापून काढलेला एक रुंद, उघडा चर आणि त्यापुढची पुच्छवाहिनी, एवढाच. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या हातांनी असे कित्येक तलाव महाराष्ट्रभर उभे केले.

मातीच्या धरणाचा शत्रू भिंतीशी टेकून उभा असलेला जलाशय नव्हे, तर माथ्यावरून पलीकडे गेलेली वीतभर धार होय. ती मागच्या उतारावर आधी घळ पाडते, मग घळ मागे मागे खात माथ्यापर्यंत येते, आणि मग काही घटकांचा खेळ उरतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचा माथा खचून पाणी त्यावरून गेले, तेव्हा जवानांनी रात्रभर रचलेल्या वाळूच्या पोत्यांचे काही चालले नाही. दुपारपर्यंत खालची खडकवासल्याची दगडी भिंतही गेली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटून भेंदवाडी वाहून गेली, आणि एका मंत्रिमहोदयांनी त्याचा ठपका खेकड्यांवर ठेवला. खेकडे बीळ करतात हे खरे. परंतु बिळाच्या तोंडाशी येणारा झिरपा नितळ आहे की गढूळ, हे खेकड्याने कळवायचे नसते. नितळ झिरप्याने धरण सहसा मरत नाही. गढूळ झिरपा म्हणजे आतली माती निघाली.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने १५ मीटरांहून उंच धरणे, आणि काही अटी पुऱ्या करणारी १० ते १५ मीटरांची, आपल्या कक्षेत घेतली. त्याखालची बहुतेक गावकी धरणे गावाच्याच भरवशावर राहिली.

अशाच एका धरणावर गेल्या भाद्रपदात मी गेलो होतो. सांडवा वाहू लागल्याच्या दिवशी बायकांनी खणानारळाने भरलेली ओटी अजून काठावर होती. पुच्छवाहिनीत कोणी हरभऱ्यासाठी रान तयार करून ठेवले होते, भिंतीच्या मागच्या उतारावर मनगटाएवढ्या बाभळी, आणि सांडव्याच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मातीने भरलेल्या खताच्या गोण्यांची सरळ रांग. शेवटचे एक पाणी जास्तीचे मिळावे म्हणून ती लावतात, असे म्हाताऱ्या पाटकऱ्याने सांगितले.

“आणि रात्री जोराचा झाला तर, बाबा?”

“आभाळ धरलं की मी येतो काढायला.”

“एकटेच?”

“लावायला सगळी आळी येते, साहेब.”

परत निघताना मी गोण्या मोजल्या. चौसष्ट होत्या. खालच्या वस्तीत चुली पेटल्या होत्या, आणि पश्चिमेकडे डोंगर दिसेनासा होऊ लागला होता.