ऑर्क आणि सातपुडा

टेबलाभोवती बसून खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) ऑर्क ही जमात बराच काळ जन्मजात दुष्ट मानली गेली. खानदेशाला हे नवं नाही. १८१८मध्ये इथे आलेल्या इंग्रजांनी दप्तरात भिल्लांना असंच लुटारू ठरवलं. १८२५मध्ये मात्र धरणगावला त्यांचीच पलटण उभारली. खाज्या नाईक सरकारतर्फे सेंधवा घाट राखत. १८५७मध्ये त्यांनीच बंड केलं. राखणदार आणि बंडखोर, माणूस एकच.

तुमच्या खेळात डोंगरातली टोळी आणाल, तेव्हा तिचा स्वभाव ठरवू नका. घाट कुणाचा होता, हक्क कुणी बुडवले, तिला लुटारू कोण म्हणालं, ते ठरवा. उद्या शिरपूरची भिल्ल मुलगीही त्याच टेबलाशी खेळायला बसेल.